ज्यांना अक्षर नाही

खोक्यावर पाचशे जीबी लिहिलेले,
मशीन म्हणते चारशे पासष्ट.
पस्तीस गेले कुठे, म्हणून
मंगळवारी रात्री, भांडी पालथी घालून झाल्यावर,
मी डिस्क मॅनेजमेंट उघडले.

एक आडवी पट्टी, तुकडे पाडलेली.
सी आणि डी, ते माझे:
पतपेढीचे हिशेब, वीजबिलं,
निहिराचे पहिलीपासूनचे नाच.
पण सीच्या आधी एक चिंचोळा तुकडा, शंभर एमबी.
आणि पार टोकाला एक, तेरा जीबीचा.
दोघांनाही अक्षर नाही.
अक्षर नाही म्हणजे दार नाही;
एरवी कुठल्याच खिडकीत ते दिसत नाहीत.

चार वर्षं मी याच टेबलाशी बसते.

सी लाल झालेला, नव्या नाचाला जागा नाही.
तेरा जीबीवर मी उजवी टिचकी मारली.
एकच शब्द आला: मदत.
मदतीत काही मदत नव्हती.

सकाळी वाशीला, सेक्टर सतराला फोन केला.
फैयाज मुकादम नाश्ता करत होता.
"ताई, हात लावू नका. आणि पस्तीस गेलेच नाहीत.
कंपनी हजाराने मोजते,
मशीन एक हजार चोवीसने."
हे मला लगेच पटलं.
आमच्या जमिनीची मोजणी मी लहानपणी पाहिली आहे.
तलाठ्याचा गुंठा निराळा, साहेबांचा मीटर निराळा,
शेत तेवढंच,
आणि हातात आलं ते दोन्हीपेक्षा कमी.

"मग तो चिंचोळा?"
"मशीन जागी झाली की पहिल्यांदा तिथे जाते.
विचारते, सुरुवात कुठून करू?
तो सांगतो. मग दिवसभर त्याला कुणी विचारत नाही."

मी राहते घणसोलीत, सेक्टर सातला.
बाबा गावठाणात, चालत सहा मिनिटं.
सेक्टरांच्या मधोमध गाव,
गावाला आकडा नाही.
गॅसच्या फॉर्मवर 'सेक्टर'पुढे लाल चांदणी असते;
चांदणी असली की चौकट रिकामी सोडता येत नाही.
बाबा म्हणतात, "कंचा सेक्टर? यो गाव हाय.
आमी हाव म्हून तुमचा सात हाय."
मी शून्य भरते.
फॉर्म पुढे सरकतो.

त्यांना सांगितलं, बाबा, तुम्ही ते शंभर एमबी.
ते म्हणाले, "भाडा देतंय का कोन त्याला?"

राहिला तेरा जीबीचा.
फैयाज म्हणाला, त्यात मशीनचा पहिला दिवस आहे.
सगळं बिघडलं तर तिथून ती पुन्हा उभी राहते,
खोक्यातून काढली तशी.

खोक्यातून काढली तशी.
म्हणजे पतपेढी नाही, नाच नाहीत,
मी केलेल्या चुका नाहीत,
पासवर्ड विसरून घेतलेले नवे पासवर्ड नाहीत.
मशीनला मशीन आठवते. आपण नाही.

गावासाठी असा कप्पा कुणी राखून ठेवला असता
आणि बाबांच्या बोटाखाली ते बटण असतं,
तर खाचरं परत आली असती, मिठागरं, उघाडीची फळी,
भरतीला घरामागे येणारी खाडी.
सेक्टर सात गेला असता.
तिसऱ्या मजल्यावरची मी गेले असते,
हे टेबलही.

दाबाल का, असं मी विचारलं.
ते बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत राहिले.
मग म्हणाले, "पोरीचा नाच लाव."

शनिवारी फैयाजकडून बाहेरची डिस्क आणली,
पाकिटाएवढी, काळी.
वायर खुपसली.
कुठली, कुणाची, काही चौकशी नाही;
त्याच मिनिटाला अक्षर मिळालं:
ई.